मामांच्या गाडीला शनिवारचं तेल

मामांच्या गाडीला क्लच नाही, हे मी सांगलीच्या वसतिगृहात एकदाच बोललो. त्यानंतर वर्षभर मी कशालाही अडखळलो की मुलं म्हणायची, "क्लच दाब, म्हणजे पुढचा शब्द येईल." क्लच म्हणजे पायाखालची ती पट्टी, जी दाबल्याशिवाय गिअर बदलता येत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी जवळून पाहिलेली पहिली मोटार मामांचीच होती, आणि तिला ती पट्टी नव्हतीच. त्यामुळे जगातल्या इतर मोटारींना एक पाय जास्त लागतो हे ऐकून मला त्या गाड्यांचीच कीव आली होती.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कडेगावजवळ आमची शेती, थोडा ऊस. वर्गात प्राध्यापकांनी काही विचारलं तर उत्तर येत असूनही मी हात वर करावा की नाही या विचारात असायचो, तोवर दुसऱ्याने सांगितलेलं असायचं. घरी मात्र उलट होतं. मी इंग्रजी शिकतो म्हणजे मला मोटारीतलं, कोर्टातलं आणि डॉक्टरच्या औषधातलं सगळं कळत असणार, असा सर्वांचा समज होता. तो मोडायचा धीर मला कधी झाला नाही.

मामा आईचे धाकटे भाऊ. आई-बाप लहानपणी गेले, म्हणून आईनेच त्यांना वाढवलं, आणि तिचं लग्न झाल्यावर तेही आमच्याकडेच राहिले. लढाईत ते लष्करात लॉरी चालवायचे. परत आले ते एक काळी ट्रंक, दाढीचा ब्रश आणि कुणालाही गंभीर चेहऱ्याने थाप मारायची कला घेऊन. पुढे पुण्याच्या लिलावात त्यांनी ही गाडी घेतली. ती मूळची एका अमेरिकन साहेबाची. साहेब मायदेशी गेला, गाडी इथेच राहिली. मामांनी ती माधवनगरला एका सुताराकडे नेली, मागची गाद्यांची बैठक आणि टप कापून काढला आणि तिथे बाभळीच्या फळ्यांचा हौदा बसवला. पुढून साहेब, मागून बैलगाडी. तिच्यातून मामा गूळ, सुताचे गठ्ठे, बाजाराच्या दिवशी माणसं, काय मिळेल ते वाहायचे.

या गाडीत गिअर आपोआप बदलायचा. रस्त्याला लागलं की इंजिनाचा आवाज चढत जायचा आणि एका क्षणी आतून हलका हिसका बसून गाडी मोकळी व्हायची. तो हिसका कधी बसणार हे मामांना सवयीने बरोबर कळू लागलं. मग त्याच्या जरा आधी ते पुढे वाकायचे आणि हातातल्या चाकाला तोंड लावून सांगायचे, "चल बाई, दुसरा घे." हिसका बसायचा. थोड्या वेळाने, "आता तिसरा." पुन्हा हिसका. शेजारी बसलेल्या माणसाने आजवर ड्रायव्हरला दांडा ओढताना आणि पाय आपटताना पाहिलेलं असायचं. इथे मामा दोन्ही पाय स्वस्थ ठेवून बसलेले. बघता बघता पंचक्रोशीत बोलवा झाली की ही गाडी हुकूम ऐकते.

मामांनी मग नियम केले. पुढे बसणाऱ्याने बोलायचं नाही, तिला दोन हुकूम एकदम कळत नाहीत. खोकला असेल त्याने मागे हौद्यात बसायचं. एकदा एका म्हाताऱ्याला घाटात जोराची शिंक आली आणि नेमका तेव्हाच गिअर उतरला, तर तो बिचारा पुढचे दोन बाजार नाकाला उपरणं लावून चालत गेला.

या थापेची किंमत मामांनाच द्यावी लागली. विट्याकडच्या एका घरी त्यांचं जमत आलं होतं. तिकडून निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण लढाईत डोक्याला मार लागलेला दिसतो, मोटारीशी बोलतो. दुसऱ्या एका घरी गाडीत भूत असल्याचं कळलं. मामा तिशीला आले होते. ते स्वतः हसण्यावारी न्यायचे, पण आईचा जीव टांगणीला लागला होता.

अशात कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या एका सुभेदारांच्या मुलीचं स्थळ आलं. सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, बोलणं कमी आणि मिशी जास्त. मामा, आई आणि मी मुलगी बघायला गेलो. आईने रीतीप्रमाणे स्वयंपाकाचं विचारलं, मुलीने रीतीप्रमाणे मान हलवली. मामांनी मात्र त्या दिवशी चेष्टेचा एक शब्द काढला नाही. चहाची कपबशी हातात धरून ते इतके सरळ बसले होते, की मला वाटलं सुभेदारांनी त्यांना मनातल्या मनात हुकूमच दिलाय. मुलगी आत जाताना त्यांनी नजर खाली घातली ती जरा उशिराच. त्यांना ती फार आवडली होती, हे मलाही समजलं, आणि असल्या गोष्टी मला सहसा समजत नाहीत.

सुभेदार म्हणाले, येत्या रविवारी आम्ही तुमचं घर बघायला येऊ. मुलीकडच्यांनी घर बघायची आमच्याकडे पद्धतच आहे. पण त्यांनी एक अट घातली.

"तुमच्या गाडीतनंच येणार. सुर्लीचा घाट ती चढती का बघतो. ज्याच्या जिवावर पोट भरायचं ते चढाला टिकाय पायजे. मग पोरीचं बोलू."

मामा हो म्हणाले. आणि त्याच दिवशी परतताना, त्याच सुर्लीच्या घाटात गाडी थांबली.

म्हणजे इंजिन थांबलं नाही. ते उलट जोरजोरात ओरडायला लागलं. पण चाकांपर्यंत काही पोचेना. मामा पाय दाबतील तसा आवाज वाढे आणि गाडी मात्र जागच्या जागी उभी, मग हळूच मागे. मी उडी मारून चाकाला दगड लावला. शेवटी एका उसाच्या गाडीचे बैल सोडून आणले आणि त्यांनी आम्हाला घाट चढवला. गाडीवान बैलांना हाकत होता आणि मामांकडे वळून पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "तुमीच हुकूम द्या की वो," तो म्हणाला, "म्हंजी बैलांना आन् हिला, दोगांनाबी लागू पडंल." हौद्यात बसलेली आई हात जोडून पुटपुटत होती.

घरी आल्यावर मामांनी पुढच्या बाकाच्या पायाखालची चटई उचलली. तिथे एक झाकण होतं आणि त्यातून आत एक लांब पट्टी जायची, गिअरबॉक्समधलं तेल बघायला. पट्टीवर तेल काळं, चिकट आणि गुठळ्यांचं होतं. तेल खराब झालंय, मामा म्हणाले, आणि आत कुठेतरी ते गाळायची जाळी असणार, ती तुंबली असेल. तेल बदलायचं, जाळी धुवायची. पण कुठलं तेल? तिथेच एक पितळी पट्टी ठोकलेली होती. मला वाचायला सांगितलं. अक्षरं झिजून गेली होती. मी रॉकेलच्या बोळ्याने पुसून पुसून शेवटचा एक शब्द वाचला.

"ओन्ली," मी म्हणालो. "म्हणजे फक्त."

"फक्त काय?"

"ते झिजलंय, मामा."

मामांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. कॉलेजचं एक वर्ष आणि फक्त 'फक्त', असा काहीतरी हिशेब त्यांच्या मनात चालला असावा.

सोमवारी मी सांगलीला गेलो ते औषधाच्या बाटलीत त्या तेलाचा नमुना घेऊन. वसतिगृहातल्या खोलीसोबत्याने बूच काढून हुंगलं आणि विचारलं, घरून कालवण आणलंस काय? वास खरोखरच ओळखीचा होता, पण कशाचा ते मला सुचेना. दोन दिवस धीर गोळा करून मी मोटारींचं सामान विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. गल्ल्यावर बसलेल्या मालकांना अडखळत सांगितलं की आपोआप बदलणाऱ्या गिअरसाठी तेल हवं. दुकानात आणखी दोन ड्रायव्हर होते. मालकांनी चष्मा वर केला.

"गिअर आपले आपण पडतात?"

"हो."

"मग ड्रायव्हर कशाला ठेवलाय? जावयासारखा मिरवायला?"

ड्रायव्हर हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते कळेना. मालकांनी मग नमुना बोटांत चोळला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि हे मोटारीचं तेल नव्हेच म्हणाले. असल्या यंत्रात जाड तेल चालायचं नाही एवढं त्यांनाही वाटत होतं. त्यांच्याकडचं सर्वांत पातळ यंत्राचं तेल त्यांनी एका डब्यात भरून दिलं आणि बजावलं की गाडी चालली तर मला येऊन सांग, नाही चालली तर येऊ नकोस.

शुक्रवारी संध्याकाळी मी डबा घेऊन घरी पोचलो. शनिवारी सकाळी कामाला लागलो.

गाडीच्या खाली शिरायचं तर ती वर उचलायला हवी. गुऱ्हाळ नुकतंच संपलं होतं. गुळाच्या कढईखाली जाळ घालायचा खड्डा, त्याला आम्ही चुलवाण म्हणतो, तो मोकळा पडला होता. वडिलांनी बैल जुंपून गाडी त्याच्यावर ओढून आणली, चाकं दोन्ही काठांवर ठेवली, आणि मोटारीपेक्षा चुलवाणाची भिंत सांभाळा असं सांगून शेताकडे निघून गेले. मामा आणि मी राखेत उताणे पडलो. मामांनी तळाचं बूच फिरवलं. तेल कुठे पडेल याचा मी मनात अंदाज केला होता. तो अंदाज चुकला, आणि मानेपासून कमरेपर्यंत मी काळा झालो. मामा म्हणाले, आता तुला गंज चढायचा नाही.

तेल घमेल्यात निथळलं. मग एक एक बोल्ट काढून तळाची परात उतरवली. तिच्या वर तारेची बारीक जाळी होती, पापडाएवढी. मामांनी ती काढून उजेडात धरली आणि तशीच धरून राहिले.

जाळी तारेची दिसतच नव्हती. तिच्यावर शेंदरी रंगाचा लगदा बसला होता आणि त्या लगद्यात, भिजून टम्म फुगलेले, काळे काळे दाणे. मी एक दाणा नखाने काढला. सोलला. आतून पांढरा निघाला.

"मामा," मी म्हणालो, "मला वाटतं... म्हणजे माझी चूक असेल. पण हे उडीद आहेत."

मामा काही बोलायच्या आत वरून आईचा आवाज आला. ती चुलवाणाच्या काठावर उभी होती. हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात पानावर काहीतरी. ती वाकून गाडीत बघत होती.

"आज चटई काढून ठिवली व्हय? बरं झालं. मला उचलाय लय जड जाती."

मामा खड्ड्यातून सरपटत बाहेर आले. "अक्का, हातात काय हाय?"

"शनवार न्हाई का आज?"

वाटीत करडईचं तेल होतं. पानावर चिमूट शेंदूर आणि चार उडीद. आमच्याकडे शनिवारी मारुतीला घालतात तेच. सांगलीला मला वास का ओळखता आला नाही याची आता लाज वाटली. त्या वासात मी लहानाचा मोठा झालो होतो, फक्त तो मोटारीत असेल अशी कल्पना नव्हती.

मामांनी अगदी हळू विचारलं, "कवापासनं घालतीस?"

"तुला पोरी बघाय लागल्यापासनं. नवस केलाय. तुजं जमलं की अकरा नारळ."

"अक्का, आगं मोटारीच्या गिअरात कुणी उडीद घालतं व्हय?"

आईला प्रश्नच कळला नाही. "तूच म्हणलास न्हवं, ती ऐकती. आन् तूच ते झाकण दावून म्हणला हुतास, हे तिचं त्वांड. जो ऐकतो त्याला तेल घालत्यात. माणसाचं काय, माणूस ऐकत न्हाई म्हणून तर देवाला घालायचं."

मी खड्ड्यातच थांबलो. बाहेर यायची ती वेळ नव्हती. मामांच्या हातात जाळी होती आणि चेहऱ्यावर तेच गंभीर भाव, ज्यांनी ते पंचक्रोशीला फसवत आले होते. पण या वेळी त्यांना ते घालवता येत नव्हते.

"अक्का, ती ऐकत न्हाई."

"मग चल बाई, दुसरा घे, म्हणून कुणाला सांगतूस?"

"लोकांस्नी."

वाटीतलं तेल आईने एकदा पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं.

"मग इतकं शनवार म्या तेल कुणाला घातलं?"

"गिअरबॉक्साला," मामा म्हणाले.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पुढची व्यवस्था लावली. देवाच्या नावाने घातलेलं घाणीत टाकायचं नाही. म्हणून मामांनी जाळीवरचे सगळे उडीद वेचून, धुऊन, केळीच्या पानात बांधून ओढ्यात सोडायचे. त्यानंतर आजची वाटी घेऊन खऱ्या मारुतीला जायचं, चालत, आणि जे लोकांना सांगत आलोय ते खोटं आहे असं निदान त्याला तरी सांगून यायचं. मामा गेले. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी विचारलं की कुणाचं काय सोडताय, तर ते म्हणाले, गाडीच्या पोटातलं. आता हे खरं होतं, पण बायकांचा विश्वास बसला नाही.

जाळी आम्ही रॉकेलमध्ये घासली. बारीक ब्रश हवा होता, म्हणून मामांनी दाढीचा आणला. शेंदूर काही केल्या सुटेना. मामा पुटपुटले की साहेबाच्या देशातल्या कारखान्यात असल्या मळाचा विचार केलेला नसणार. परात परत बसवताना, सांध्यातून तेल गळू नये म्हणून मध्ये असलेला जुना बुचाचा पट्टा तुटला, तर जुन्या मोटेच्या चामड्याचा तुकडा कापून तो खाली घातला. विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं धरलेलं चामडं, तेल धरायला काय जड? मग सांगलीचा डबा ओतला. निथळलेलं तेल वडिलांनी बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून ठेवून घेतलं. त्याला उडदाचं वावडं नव्हतं.

इंजिन चालू केलं. मामांनी निघताना एकदाच सरकवायचा दांडा पुढे ढकलला. गाडी उभीच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. थोड्या वेळाने आत काहीतरी भरल्यासारखं झालं आणि ती एकदम पुढे सरकली. दुसरा गिअर पडायच्या वेळी मामांचं तोंड सवयीने उघडलं. दारात आई उभी होती. त्यांनी ते मिटलं.

रविवारी मलकापूरला मामा आणि मी गेलो. सुभेदार पुढे बसले, मी मध्ये. मामांच्या दाढीला रॉकेलचा वास येत होता आणि सुभेदार अधूनमधून नाक उडवत होते, पण कारण विचारत नव्हते. कऱ्हाड मागे पडलं, सुर्ली आली, चढ लागला. गाडीचा वेग मंदावू लागला. मी दोन्ही हातांनी गुडघे धरून बसलो होतो. मोटेचं चामडं, सांगलीचं तेल, झिजलेल्या पट्टीवरचं ते 'फक्त', सगळं माझ्याच जबाबदारीवर असल्यासारखं मला वाटत होतं.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "हं. द्या हुकूम."

मामांनी नजर रस्त्यावरून काढली नाही.

"आवं द्या की. समदं मलकापूर सांगतंय. आमीबी ऐकू."

मी मामांकडे पाहिलं. हिसक्याची वेळ त्यांना ठाऊक होती. एक वाक्य टाकलं असतं तर सुभेदारही इतरांसारखेच गप्प बसले असते. मामांनी चाक घट्ट धरलं.

"ती बहिरी हाय, सुभेदारसायेब."

"आं?"

"गिअर तिचं तीच घेती. मी आपला निस्ता बोलतो."

तेवढ्यात हिसका बसला. गिअर उतरला, इंजिनाचा आवाज भरीव झाला आणि गाडी वळण घेऊन चढायला लागली. सुभेदार सरळ समोर बघत होते.

"म्हंजी हुकुमाबिगर."

"व्हय."

"आन् लोकं गप बसायची?"

"खोकायची सुदिक न्हाईत," मामा म्हणाले.

यानंतर बाक थरथरायला लागला. मला वाटलं परातीचे बोल्ट सुटले. मग लक्षात आलं की सुभेदार हसताहेत. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. घाटमाथा येईपर्यंत ते हलत होते.

घर बघून झालं. गोठा, विहीर, सोप्यातली उतरंड, सगळं त्यांनी पाहिलं. आईने पुरणपोळी केली होती. तिने त्यांना मामांबद्दल एक चांगलं आणि एक वाईट सांगितलं, दोन्ही खरं. पान खाऊन झाल्यावर सुभेदार म्हणाले,

"पोरगी दिली. पर वरात ह्या गाडीतनं न्हाई. बैलगाडीतनं. बैलं तरी ऐकत्यात."

मामांनी लगेच कबूल केलं. त्या क्षणी त्यांनी पायी वरातसुद्धा कबूल केली असती. मी सोमवारी सांगलीला गेल्यावर दुकानदारांना सांगून आलो की गाडी चालली. ते म्हणाले, मग गिऱ्हाइकं आण. अशी दुसरी गाडी जिल्ह्यात नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

लग्न वैशाखात झालं. परतीला मामा आणि नवी मामी सजवलेल्या बैलगाडीत, आणि मागून भांडीकुंडी भरून मामांची गाडी, ती मी चालवत. मला चालवायला मामांनीच शिकवलं होतं, आणि एका पायाचं काम कमी असल्यामुळे मी शिकलोही. सुर्लीच्या घाटात बैलांच्या चालीने मागून जायचं म्हणजे गाडीला पहिल्याच गिअरमध्ये कुथत राहावं लागत होतं. इंजिन तापत होतं. मामा दर वळणाला मुंडावळ्या सावरत मागे वळायचे आणि हाताने मला खुणा करायचे, हळू, डावीकडे, दगड आहे. माझं लक्ष त्या खुणांकडे आणि रस्त्याकडे असं दोन्हीकडे जाऊन मी जास्तच गोंधळत होतो.

असं बऱ्याचदा झाल्यावर नव्या मामी, ज्यांचा आवाज तोवर आमच्यापैकी कुणीच नीट ऐकला नव्हता, पदराआडून म्हणाल्या,

"म्होरं बगा. नवरी हिकडं हाय."

गाडीवानाने ऐकलं, आणि त्याने मला नंतर सांगितलं. मला मागून एवढंच दिसलं की मामांची मान पुढे वळली. घर येईपर्यंत त्यांनी पुन्हा एकदाही मागे पाहिलं नाही, आणि मला रस्ता नीट दिसायला लागला.